विकारी नाम संवत्सरे

प्रतापगडाच्या पायथ्याशी अफझलखान मारला गेला तो दिवस मार्गशीर्ष शुद्ध सप्तमी, शके १५८१, विकारी नाम संवत्सर. शाळेच्या पुस्तकात आपण १० नोव्हेंबर १६५९ असं पाठ केलं. काही ठिकाणी २० नोव्हेंबर छापलेलं दिसतं, आणि लोक लगेच छापणाऱ्याची चूक काढायला धावतात. चूक कोणाचीच नाही. गोव्याच्या पोर्तुगिजांनी पोपच्या सांगण्यावरून सोळाव्या शतकातच कॅलेंडरातले दहा दिवस गाळून टाकले होते. राजापूरच्या वखारीत बसलेले इंग्रज पोपचं ऐकणारे नव्हते, ते १७५२ पर्यंत जुनीच तारीख लिहीत राहिले. म्हणजे जावळीच्या रानातली ती एक दुपार गोव्याच्या हिशेबानं वीस तारखेची आणि राजापूरच्या हिशेबानं दहा तारखेची. विजापूरच्या दरबारात ते साल हिजरी १०७०. खुद्द शिवाजी महाराजांच्या त्या काळच्या पत्रांवर असतो सुहूर सन, आणि तो त्या वर्षी होता 'सितैन अलफ', म्हणजे साठ आणि हजार, १०६०. गडावरचा शिवप्रताप दिन या भानगडीत पडत नाही. तो सप्तमीला होतो.

साताऱ्याच्या माणसाला असे आकडे लहानपणापासून ऐकावे लागतात. मला त्यातलं लक्षात राहिलं ते मात्र आकडा सोडून नाव. आमच्याकडे सत्यनारायणाला गुरुजी संकल्प सांगायचे तेव्हा शकाचा आकडा झपाट्यानं उरकायचे आणि संवत्सराच्या नावावर जरा थांबायचे. मग ऋतू, मास, पक्ष, तिथी, वार, आणि ठिकाण म्हणून 'गोदावर्याः दक्षिणे तीरे'. कृष्णा घराच्या अंगणात असल्यासारखी जवळ, आणि देवाला पत्ता गोदावरीचा! पण ते असो.

ही नावं साठ. प्रभवापासून सुरू होतात, क्षयापाशी संपतात आणि पुन्हा प्रभव. नाव काढायची रीत तोंडी हिशेबाची आहे: शकात बारा मिळवायचे, साठानं भागायचं, बाकी उरेल तितकं नाव मोजायचं. १५८१ आणि १२ मिळून १५९३, बाकी ३३, तेहेतिसावं नाव विकारी. मुळात हा गुरूच्या चालीचा हिशेब. गुरू एका राशीत राहतो तो काळ आपल्या वर्षाहून चारेक दिवसांनी कमी असतो, म्हणून उत्तरेतली पंचांगं साधारण पंच्याऐंशी वर्षांनी एक नाव गाळतात. आपण दक्षिणेतले लोक हजारेक वर्षांपूर्वीच गुरूचा नाद सोडून बसलो. वर्षाला एक नाव, गुरू काय करायचं ते करो. त्यामुळे २०२५ च्या पाडव्याला आपल्याकडे विश्वावसू लागला, तेव्हा काशीचं पंचांग तेरा-चौदा नावं पुढे होतं. म्हणजे आकड्यावर भांडण आहेच, नावावरही आहे. तरी आकडा आणि नाव यांत मला एक फरक वाटतो. कुठलाही आकडा कोणाच्या तरी सत्तेतून नाहीतर श्रद्धेतून सुरू होतो. कोणी गादीवर बसलं, कोणी शत्रूला हरवलं, कोणी मक्का सोडली, कोणाचं निर्वाण झालं. नाव कोणाच्याच मालकीचं नाही.

मालकीचा आकडा कसा जन्माला येतो हे पाहायचं तर रायगड आहेच. ज्येष्ठ शुद्ध त्रयोदशी, शके १५९६, आनंद नाम संवत्सर, ६ जून १६७४. त्या दिवशी राज्याभिषेक शक १ सुरू झाला. इतके दिवस पत्राच्या डोक्यावर सुहूर सनाचे अरबी शब्द होते, आता मायना 'स्वस्ति श्री राज्याभिषेक शके' असा सुरू होऊ लागला. नवीन नाणं पाडावं तसं नवीन वर्ष पाडलं. हे वर्ष पाडव्याला बदलत नसे, त्रयोदशीला बदलत असे. दोघांच्या मधल्या सव्वादोन-अडीच महिन्यांत शालिवाहनाचं नवं साल आणि राज्याभिषेकाचं जुनं साल एकाच कागदावर नांदत. जुने कागद वाचणाऱ्यांची इथे परीक्षा होते.

वाईजवळ मेणवलीला नाना फडणविसांच्या वाड्यामागे कृष्णेचा घाट आहे. 'स्वदेश' सिनेमामुळे आता तिथे गर्दी असते. घाटावर मेणेश्वराच्या देवळाजवळ एक प्रचंड घंटा टांगलेली आहे, पंचधातूची. चिमाजी आप्पांनी वसई घेतली तेव्हा तिथून ज्या घंटा आल्या त्यांतली ही. जवळ जाऊन पाहिलं की तिच्या अंगावर उठावात मेरी दिसते, कडेवर बाळ येशू. आणि एक साल: १७०७. धातूवर उठवलेला तो आकडा बोटानं चाचपता येतो. मला ती घंटा आवडते ती या आकड्यासाठी. येशूच्या जन्मापासून मोजलेलं वर्ष शंकराच्या दारात टांगलेलं आहे आणि गावाला त्याचं काही वाटत नाही. आपला कुठला सन हा विचारही कोणाच्या मनात येत नाही.

१७०७ म्हणजे साताऱ्याच्या इतिहासातलं मोठं वर्ष. औरंगजेब मेला, शाहू महाराज सुटले, खेडला लढाई झाली, सातारचा किल्ला हातात आला आणि जानेवारी १७०८ मध्ये साताऱ्यात त्यांचा राज्याभिषेक झाला. इंग्रजी आकडा बदलला तरी शक तोच होता, १६२९, सर्वजित संवत्सर. राज्याभिषेक शक ३४. सुहूर सन 'समान मया व अलफ', आठ आणि शंभर आणि हजार. वसईच्या त्या घंटेच्या साच्यावर कोणीतरी ओतारी १७०७ कोरत होता आणि साताऱ्याचा चिटणीस ३४ लिहायच्या तयारीत होता. चिटणिसाचा आकडा लहान, म्हणून त्याला कमी समजायचं कारण नाही. चौतीस म्हणताना त्याला महाराजांचा शक मोगलाईतून सुखरूप निघाला असंही म्हणायचं होतं. पुढे ताराबाई आणि शाहू यांच्यात गादी वाटली गेली, सातारा आणि कोल्हापूर झालं, १७३१ मध्ये वारणेचा तह करून सीमा ठरवावी लागली. पण दोन्ही गाद्यांच्या पत्रांवर शक मात्र एकच राहिला. भाऊबंदकीत तेवढी एक गोष्ट वाटून घेतली नाही.

वाईलाच इतिहासकार राजवाड्यांना पानिपतचे कागद मिळाले आणि १८९८ मध्ये 'मराठ्यांच्या इतिहासाची साधने'चा पहिला खंड निघाला. पानिपतचा दिवस घ्या. पौष शुद्ध अष्टमी, शके १६८२, विक्रम नाम संवत्सर. इंग्रजी १४ जानेवारी १७६१. राज्याभिषेक शक ८७. सुहूर सन 'इहिदे सितैन मया व अलफ', ११६१. फसली ११७०. हिजरी ११७४. विक्रम संवत १८१७. एका दिवसात सगळं वाटोळं, आणि त्या दिवसाला सात आकडे. यांतल्या सुहूर आणि हिजरीची गंमत अशी, की हे दोघे हिजरी ७४५ साली, म्हणजे १३४४ मध्ये, बरोबर निघाले. हिजरी चंद्रावर चालते, तिचं वर्ष अकरा दिवसांनी लहान. सुहूर सूर्यावर. म्हणून प्रतापगडाच्या वेळी हिजरी दहा वर्षं पुढे गेलेली दिसते आणि पानिपतला तेरा.

सुहूर सन सुरू कधी व्हायचा? मृगाला. सूर्य मृग नक्षत्रात गेला की. म्हणून त्याला मृगसाल असंही म्हणत. फसलीचंही तेच. तिला अकबरानं जन्म दिला आणि शहाजहानच्या वेळी ती दख्खनेत आली, पण इथे येऊन तिनंही मृग धरला. शब्द अरबी, हुकूम दिल्लीचा, आणि वर्षाची सुरुवात मात्र जत-माणच्या शेतकऱ्याच्या आभाळाकडे बघून. याचं कारण भाबडं नाही. वसूल करायचा तो पिकावर. चंद्राच्या वर्षानं सारा मागितला तर तेहेतीस वर्षांत शेतकऱ्याला चौतीस वेळा द्यावा लागेल आणि पीक तर तेहेतीसच वेळा येणार. राज्यकर्ता कितीही मोठा असो, त्याच्या वर्षाला पावसाशी तडजोड करावी लागली. आजही आपलं महसुली वर्ष १ ऑगस्टला सुरू होतं, १ एप्रिलला नाही. तलाठ्याला विचारून पाहा.

साताऱ्याहून खाली सांगलीला आलं की वर्षं आणखी वाढतात. सांगली-मिरज पटवर्धनांची. त्यांच्या दप्तरातली हजारो पत्रं मिरजेच्या हायस्कुलातले शिक्षक वासुदेवशास्त्री खरे यांनी लावली आणि १८९७ पासून 'ऐतिहासिक लेखसंग्रह' म्हणून छापायला सुरुवात केली. त्या पत्रांच्या शेवटी पुष्कळदा नुसतं 'छ १२ रमजान' एवढंच असतं. छ म्हणजे चंद्र. बारावा चंद्र, महिना रमजान. ब्राह्मण सरदार ब्राह्मण कारकुनाकडून ब्राह्मण पेशव्याला लिहितोय आणि महिना रमजान, यात त्यांना काही विशेष वाटत नसे. मात्र साल नाही. ज्याला पत्र जाणार त्याला साल ठाऊकच होतं, ते कशाला लिहायचं? शंभर वर्षांनी मिरजेत बसून ते शोधायचं म्हणजे या पत्रात कोण जिवंत आहे, फौज कुठे उतरली आहे, कोणाची मुंज व्हायची आहे, तिथीला वार कोणता पडतो, हे सगळं जंत्रीशी ताडून पाहायचं. बाळाजी प्रभाकर मोडकांच्या जंत्रीची पानं उलटवत बसणं हे त्या पिढीतल्या इतिहासवाल्यांचं रोजचं काम. खरेशास्त्र्यांच्या विद्वत्तेबद्दल पुष्कळ लिहिलं गेलंय. मला त्यांची चिकाटी जास्त मोठी वाटते.

सांगलीच्या गणपती पेठेत आणि मार्केट यार्डात हळदीचा, गुळाचा, बेदाण्याचा व्यापार. तिथे वर्ष दिवाळीत बदलतं. आमच्या ओळखीचे एक हळदीचे अडते आहेत, घराणं मूळ मारवाडातलं, बोलणं अस्सल सांगलीचं. त्यांच्याकडे वहीपूजनाला लाल कापडी बांधणीची नवी वही पाटावर असते. पहिल्या पानावर कुंकवाचं स्वस्तिक, 'श्री' चढत्या क्रमानं लिहून केलेला डोंगर, लाभ, शुभ, आणि खाली संवत. शेजारी संगणक चालूच असतो, जीएसटीची बिलं त्यात.

"काका, हिशेब मार्चचा, मग संवत कशाला लिहिता?" मी एकदा विचारलं.

"मार्च सीएला लागतोय. लक्ष्मीला काय करायचाय मार्च?" काका म्हणाले, आणि हातात पेढा ठेवला.

२२ ऑक्टोबर २०२५ च्या पाडव्याला त्यांच्या वहीवर २०८२ आलं. उत्तर हिंदुस्थानात तेच २०८२ चैत्रापासून चालू होतं. त्याच दिवशी त्यांच्या गल्लीतल्या जैन शेजाऱ्यांचं वीर निर्वाण संवत २५५२ लागलं. सांगली भागातला जैन समाज मोठा, बहुतेक शेतकरी, आणि त्यांचं आणखी एक वर्ष साखर कारखान्याचं: गळीत हंगाम. कारखान्याचं वर्ष ऑक्टोबर ते सप्टेंबर. आडसाली ऊस लावला तर तो एका हंगामात लागतो, दुसरा हंगाम उभा राहून बघतो आणि मग तुटतो.

कडेगावचे ताबूत पाहिले नसतील तर पाहावेत. उंच, रंगीत, खांद्यावर पेलताना झुलणारे, आणि त्यांना खांदा देणारे हिंदू-मुसलमान दोन्ही. मोहरम हिजरीनं येतो, म्हणून या ताबुतांनी थंडी, ऊन, पाऊस सगळं पाहिलंय. सुमारे तेहेतीस वर्षांत ते पुन्हा त्याच ऋतूत येतात. २०२५ मध्ये ६ जुलैला मोहरमची दहावी तारीख आली आणि त्याच दिवशी आषाढी एकादशी. दोन वर्षं, एक चंद्र सूर्याशी समेट केलेला, दुसरा न केलेला, अशी अधूनमधून वाटेत भेटतात.

खुद्द सूर्याशी समेट कसा करावा यावरही सांगलीत वाद झालेला आहे. टिळकांच्या अखेरच्या काळात इथे ज्योतिष संमेलन भरलं आणि रेवती नक्षत्रातल्या ताऱ्यापासून आकाश मोजायच्या पंचांगाला बळ मिळालं. तेच आजचं टिळक पंचांग. बाकीची पंचांगं चित्रेकडून मोजतात. दोन्हींत चारेक अंशांचा फरक. एरवी तो कोणाला जाणवत नाही, पण ज्या वर्षी अधिक महिना दोघांचा वेगळा पडतो त्या वर्षी टिळक पंचांग पाळणाऱ्या घरी गणपती महिनाभर आधी बसतो. शेजारी विचारतात, मूर्ती कुठे मिळाली? हा प्रश्न आकाशाच्या गणितापेक्षा अवघड असतो.

आता विकारीकडे. प्रतापगडानंतर साठ वर्षांनी, शके १६४१ मध्ये, हे नाव पुन्हा आलं. त्या वर्षी, १७१९ च्या जुलैत, शाहू महाराजांच्या आई येसूबाई दिल्लीच्या कैदेतून सुटून साताऱ्यात परत आल्या. आणखी दोन फेऱ्या झाल्या आणि शके १७६१ ला विकारी आलं. इंग्रजी १८३९. त्या सप्टेंबरात इंग्रजांनी प्रतापसिंह महाराजांना गादीवरून काढलं आणि काशीला धाडलं. राज्याभिषेक शक तेव्हा १६६. नऊ वर्षांनी त्यांच्या जागी आलेले आप्पासाहेब महाराज वारले, दत्तक नामंजूर झाला, राज्य खालसा झालं आणि तो आकडा पुढे मोजायला साताऱ्यात दरबारच उरला नाही. प्रतापसिंह काशीत राहिले, तिथल्या पंचांगात वर्षाचं नावही निराळं होतं. आणखी साठ वर्षांनी, १८९९ ला, विकारी: तो मोठा दुष्काळ, ज्याला हळदीवाल्या काकांच्या मुलखात विक्रम संवत १९५६ वरून अजून छप्पनिया म्हणतात. मग १९५९ चा विकारी, त्याबद्दल सांगण्यासारखं मला काही सापडलेलं नाही. आणि २०१९.

२०१९ चा पाडवा ६ एप्रिलला होता. पंचांगश्रवणात विकारी म्हणून नाव वाचलं गेलं आणि ऑगस्टमध्ये सांगलीला आयर्विन पुलापाशी कृष्णा ५७ फुटांवर गेली. धोक्याची पातळी ४५. गावभागातल्या काही भिंतींवर पुराच्या रेघा आहेत, एक २००५ ची, तिच्या वर २०१९ ची. २००५ ची रेघ मान वर करून बघत होतो, २०१९ च्या रेघेला टाच उंचावूनही हात पोचत नाही. पूर ओसरल्यावर ओळखीतल्या एकांनी मला मोठ्या गांभीर्यानं सांगितलं, नावातच होतं! मी त्यांना प्रतापगड आणि येसूबाई सांगितल्या. त्यांना त्या पटल्या नाहीत. संकटाचं खापर फोडायला लोकांना नाव लागतं, विजयाचं श्रेय द्यायला लागत नाही. विकारीनं महाराजांना वाचवलं, येसूबाईंना घरी आणलं, प्रतापसिंहांना घालवलं, सांगली बुडवली. या चारही गोष्टी एका ओळीत ठेवल्या की संवत्सरफल छापणाऱ्यांचं अवघड होतं. मला संवत्सराचं नाव आवडतं ते ते काही सांगत नाही म्हणूनच. ते मोजणीला धरून आठवण ठेवायची एक खुंटी आहे, साठ वर्षांनी पुन्हा हाताला लागणारी.

माणसं तरी वर्ष कसं लक्षात ठेवतात? माझ्या आजीला शक येत नव्हता, सन येत नव्हता. कोयनेचा भूकंप झाला तेव्हा आत्या पाळण्यात होती, एवढं तिला पक्कं. म्हणजे ११ डिसेंबर १९६७ ची पहाट. त्यावरून अख्ख्या भावकीची वयं निघत. बहात्तरच्या दुष्काळात विहीर खणली, त्याच्या आधी बैल घेतले. सांगलीत आता तसंच होतं. मुलगी केव्हा झाली? एकोणीसच्या पुराच्या आदल्या वर्षी. हा सगळ्यांत जुना आणि सगळ्यांत खरा शक असावा.

एवढ्या गर्दीत १९५२ मध्ये सरकारनं मेघनाद साहांच्या अध्यक्षतेखाली एक समिती नेमली, देशाला एक वर्ष द्या म्हणून. समितीनं सगळी पंचांगं पाहिली आणि सौर शक दिला. २२ मार्च १९५७ ला १ चैत्र १८७९ सुरू झाला. गणित चोख आहे, दिवस पक्के आहेत, अधिक महिन्याची कटकट नाही. राजपत्राच्या डोक्यावर तो अजून छापला जातो. माझ्या मते त्या कॅलेंडरात शास्त्राचा दोष एकही नाही, फक्त त्याला पाऊस नाही, वही नाही, सण नाही. एक वर्ष करायला निघालेल्या समितीनं आणखी एक वाढवलं. त्यातही शालिवाहनाचाच आकडा घेतल्यामुळे नवा घोळ: २०२५ मध्ये २२ ते २९ मार्चपर्यंत सरकारी शक १९४७ होता आणि घरातला १९४६. २०२६ मध्ये उलट. पाडवा १९ मार्चला, म्हणून २१ पर्यंत घरात १९४८ आणि सरकारात १९४७.

सौर शकाची तारीख घातलेला चेक इतर सगळं ठीक असेल तर बँकांनी घ्यावा, असं रिझर्व्ह बँकेनं बँकांना कळवलेलं आहे. एखाद्या लहान रकमेच्या चेकवर लिहून पाहायला हरकत नाही. काउंटरवरच्या पोरीशी थोडं बोलावं लागेल, तेवढा वेळ हाताशी ठेवा. आणि पाडवा ते २२ मार्च यांच्या मधल्या दिवसांत जपून. चेकवर शक सरकारी चालतो, घरचा नाही.